पावसात भिजून सुरुवात करा: माती, पाणी आणि रानजीव राखण्याची कामं कोणत्या क्रमानं करावीत

माझा पहिला बांध पहिल्याच मोठ्या पावसात फुटला. कमरेएवढा उंच, चोपून चोपून घट्ट केलेला, बघणाऱ्यानं पाठ थोपटावी असा. त्यात एकच गोष्ट राहिली होती, जास्तीचं पाणी बाहेर पडायची वाट. पाणी काठोकाठ भरलं, एका सखल जागी हातभर रुंदीत ओसंडलं आणि तासाभरात तिथं बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं. बांध नसता तर गेली असती त्याहून जास्त माती त्या दिवशी खाली वाहून गेली. चूक सगळी माझी होती. मी हातात फावडं आधी घेतलं आणि जमीन नंतर बघितली.

पुढं क्रम उलटा केला. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमानं. यंत्र लावून करायची कामं यात शेवटाकडं येतात. बिनखर्चाची आणि कंटाळवाणी कामं पहिली, कारण मोठ्या कामांचं नशीब त्यांच्यावरच ठरतं.

आधी भिजा

जोराचा पाऊस लागला की डोक्यावर काहीतरी घ्या, बगलेत वीसपंचवीस खुंट्या मारा आणि जमिनीच्या सर्वांत उंच टोकापासून खाली चालायला लागा. पाणी हद्दीत कुठून शिरतं, कुठं एकत्र येतं, कुठून बाहेर पडतं, अशा प्रत्येक जागी खुंटी ठोका. शिरताना नितळ असलेलं पाणी कुठं गढूळ होतं तेही बघा. माती तिथून निघते, त्यामुळे पहिलं काम त्या जागेच्या वरच्या अंगाला करायचं.

कोरड्या दिवसातही जमीन बोलते. खडे मातीच्या छोट्या खांबांवर उभे दिसले तर आजूबाजूची माती थेंबांनी उडाली, असं समजा. झाडांची मुळं उघडी पडणं, पेरणीच्या ओळींत बोटभर ओघळी, खालच्या कोपऱ्यात पंख्यासारखी पसरलेली बारीक माती, या सगळ्याचा अर्थ एकच. पिकात दरवर्षी त्याच ठिकाणी पिवळा पट्टा पडत असेल तर खत वाढवण्याआधी तिथं खड्डा खणून सुपीक थर किती उरलाय ते मोजा.

पहाटे एकदा वेगळी फेरी मारा. पायवाटा, विष्ठा, बिळं, घरट्यांच्या जागा, पाण्यावर येणाऱ्यांच्या खुणा. हे सगळं त्याच नकाशावर उतरवा. दोन नकाशे केले की जनावरांचा नकाशा कपाटात जातो, हा माझा अनुभव आहे.

तीन साध्या चाचण्या

पहिली चाचणी मुरण्याची. साधारण १५ सें.मी. व्यासाचा, दोन्ही बाजूंनी उघडा डबा ७-८ सें.मी. जमिनीत ठोका. आत प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर ४४० मि.ली. पाणी ओता आणि कागद हलकेच काढून घ्या. हा झाला २५ मि.मी. पाऊस. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते, म्हणून लगेच दुसऱ्यांदा तेवढंच ओता आणि ते किती वेळात जिरतं ते घड्याळ लावून बघा. काही मिनिटांत जिरलं तर जमीन मोकळी आहे. तास उलटूनही उभंच असेल तर तुमचा पाऊस मुरत नाही, पळतो. नांगरटीत, बांधावर, झाडाखाली अशा वेगवेगळ्या जागी करा. झाडाखालचा आणि ट्रॅक्टरच्या चाकोरीतला फरक बघून पुढचा निम्मा लेख न वाचताही कळेल.

दुसरी ढेकळाची. वाळलेलं ढेकूळ जाळीवर ठेवून पाण्यात बुडवा. पाच मिनिटांत विरघळून खाली बसलं तर त्या मातीत कणांना धरून ठेवणारा सेंद्रिय डिंक उरलेला नाही.

तिसरी बरणीची. एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर साबणाची पूड, जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा, म्हणजे दोन्हींच्या मधला बारीक गाळ, साधारण दोन तासांत, चिकणमातीला एक-दोन दिवस लागतात. थरांची जाडी मोजा. चिकणमाती जास्त असेल तर पुढं पाणी अडवताना हात आखडता घ्यायचा, तो का ते खाली येईलच.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं तोंडी येतं. एका एकरावर ५० मि.मी. पाऊस म्हणजे दोन लाख लिटर, एका हेक्टरवर पाच लाख. एवढं पाणी साठवायला तळं खणत बसाल तर जमीनच उरणार नाही. सर्वांत मोठं तळं तुमच्या पायाखाली आहे आणि ते मातीचंच बनलेलं आहे.

मातीचाही हिशेब असाच. एका हेक्टरवरून एक मिलिमीटर थर गेला, जो डोळ्यांना दिसणारही नाही, तर दहा घनमीटर माती गेली. वजनात बारा टनांच्या वर. तेवढी पुन्हा तयार व्हायला निसर्गाला वर्षानुवर्षं लागतात.

पांघरूण

धूप वाहत्या पाण्यानं होते असं आपण समजतो, पण तिची सुरुवात थेंबापासून होते. मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगानं आदळतो. उघड्या मातीचे कण फुटतात, बारीक कण भेगांत बसतात, वर पापुद्रा धरतो आणि मग पाण्याला वाहण्यावाचून इलाज राहत नाही. थेंब आणि माती यांच्यामध्ये काहीही आलं, पाचट, धसकटं, पालापाचोळा, उभं गवत, तर हा खेळ तिथंच थांबतो. जमिनीचा फक्त ३० टक्के भाग झाकलेला असला तरी धूप उघड्या जमिनीच्या निम्म्यावर येते.

म्हणून काडीकचरा जाळू नका. राखेत थोडं पालाश राहतं, नत्र मात्र धुरातून जातं आणि पांघरूणही जातं. आच्छादन ५ ते ८ सें.मी. जाड ठेवा, झाडाच्या बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर बुंधा कुजतो. दोन पिकांच्या मधल्या काळात काहीतरी हिरवं उभं राहू द्या. मशागत आणि पेरणी उताराला आडवी करा; उताराच्या दिशेनं काढलेलं प्रत्येक तास हा पाण्यासाठी खणलेला पाट असतो. वाफसा येण्याआधी, म्हणजे माती पुरेशी सुकण्याआधी, जड यंत्र शेतात घालू नका. एका ओल्या दिवसाच्या घाईनं दबलेला खालचा थर कित्येक हंगाम मोकळा होत नाही.

अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात १९३० च्या दशकात काय झालं ते जगजाहीर आहे. शतकानुशतकांचं गवत नांगरून टाकलं, त्यावर दुष्काळ आला आणि उघडी माती वाऱ्यानं उचलली. मार्च-एप्रिल १९३५ मध्ये ती धूळ पार राजधानीपर्यंत पोचली आणि त्याच एप्रिलमध्ये तिथल्या संसदेनं मृदसंधारणाचा कायदा केला. त्यासाठी झगडणारे ह्यू बेनेट हे शास्त्रज्ञ कित्येक वर्षं तेच सांगत होते. ऐकायला खिडकीबाहेर धूळ दिसावी लागली.

समपातळी रेषा काढणं

आता रानात खुणा करायच्या. गवंड्याची पाणसळ, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, असेल तर उत्तम. नसेल तर ए-फ्रेम घरी होते. दोन मीटर लांबीच्या दोन काठ्या वर बांधा, खाली पाय दोन मीटर फाकवा, मध्ये आडवी काठी बांधा आणि शेंड्यापासून दोरीला दगड लटकवून ओळंबा सोडा.

आडव्या काठीवरची खूण अंदाजानं करू नका. दोन्ही पाय ठेवलेल्या जागी खुंट्या ठोका, दोरी जिथं टेकते तिथं रेघ मारा. मग पायांची अदलाबदल करून पुन्हा रेघ मारा. दोन रेघांचा बरोबर मध्य ही खरी पातळी. वारा असेल त्या दिवशी हे काम करू नका, ओळंबा झुलत राहतो आणि माणूस चिडतो.

आता एक पाय पहिल्या खुंटीशी ठेवा, दुसरा पाय पुढं असा सरकवा की दोरी मधल्या रेघेवर यावी. तिथं खुंटी. चौकट फिरवत पुढं चला. रेषा नागमोडी येईल. एखादी खुंटी फारच बाहेर असेल तर ओळीत घ्या, पण नांगर सरळ चालावा म्हणून रेषा सरळ करू नका. उतार मोजायलाही हीच चौकट चालते. खालच्या अंगाचा पाय पातळीत येईपर्यंत उचला आणि तो जमिनीपासून किती उचलला ते मोजा. दोन मीटर अंतराला १० सें.मी. उचलावा लागला तर उतार ५ टक्के.

आधी कळस, मग पाया

घर बांधताना हे वेडेपणाचं, पाणलोटात मात्र हेच शहाणपणाचं. काम माथ्यावरून सुरू करून पायथ्याकडं यायचं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते आधीपेक्षा ६४ पट वजनाचा दगड ढकलू शकतं, हा जुना, भरवशाचा नियम आहे. वर वेग मोडला नाही तर खाली बांधलेलं काहीही टिकत नाही.

सौम्य उताराच्या लागवडीच्या जमिनीत मी गवताच्या पट्टीला पहिली पसंती देतो. समपातळी रेषेवर मीटरभर रुंद, दोन पट्ट्यांच्या उंचीत एक-दीड मीटरचा फरक पडेल एवढ्या अंतरावर. झुपक्यानं वाढणारं, मुळं खोल सोडणारं तुमच्याकडचं गवत निवडा. वाळ्याचा अनुभव अनेक देशांत चांगला आहे: मुळं तीन-चार मीटर खाली जातात, आणि लागवडीच्या जातींना रुजणारं बी धरत नसल्यानं ते शेतात पसरत नाही. कोंब १० ते १५ सें.मी. वर लावा. जास्त अंतर सोडलं तर पाणी फटीतूनच धावतं आणि पट्टी नुसती शोभेची राहते. दोन-तीन वर्षांत पट्टीच्या वरच्या अंगाला माती साठून आपोआप पायरी तयार होते.

माथ्याच्या पडीक, मुरमाड उतारावर चर खणा. ६० सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. खोल चराच्या दर मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावतं, म्हणजे शंभर मीटरमध्ये १८,००० लिटर. निघालेली माती खालच्या अंगाला, चरापासून फूटभर मोकळी जागा सोडून टाका आणि त्या भरावावर लगेच गवताचं बी पेरा. सलग चरात दर काही मीटरवर थोडी न खणलेली आडवी भिंत ठेवा. पातळीत चूक राहिली तरी सगळं पाणी एका टोकाला धावणार नाही. खचणाऱ्या, भेगाळलेल्या कड्यांवर चर नको. तिथं मुरलेलं पाणी दरड खाली आणतं.

बरणीत चिकणमाती जास्त निघाली होती? मग पूर्ण सपाट रेषेवर पाणी अडवू नका. ते उभं राहतं, पीक पिवळं पडतं आणि बांध फुगून फुटतो. १०० मीटर लांबीला २० ते ४० सें.मी. ढाळ देऊन जास्तीचं पाणी गवत लावलेल्या वाटेनं सावकाश खाली न्या.

ओघळीतले दगडी बांध

ओघळ बुजवायची नसते, तिला थकवायचं असतं. त्यासाठी एका मोठ्या बांधापेक्षा सात छोटे बरे.

अनघड दगड रचायचे, सिमेंट नको. पाणी फटींतून झिरपलं पाहिजे, गाळ मागं राहिला पाहिजे. तळात आणि दोन्ही काठांत ३० ते ५० सें.मी. खाच खणून तिथून रचायला सुरुवात करा. काठात न शिरवलेला बांध पाणी बगलेनं पोखरतं. मोठे दगड खालच्या अंगाला, बारीक वरच्या. माथा मध्यभागी कडांपेक्षा १५-२० सें.मी. खोलगट ठेवा आणि पाणी पडेल तिथं खाली दगडांचं अंथरूण करा.

दोन बांधांतलं अंतर असं ठरवा: खालच्या बांधाचा खोलगट माथा आणि वरच्या बांधाचा पायथा एका पातळीत यायला हवेत. बांध ६० सें.मी. आणि ओघळीचा उतार ५ टक्के असेल तर ०.६ भागिले ०.०५, म्हणजे १२ मीटर. यापेक्षा लांब ठेवले तर मधला तुकडा पुन्हा खणला जातो. बांधाच्या मागं गाळ भरला की लोक तो काढायला धावतात. काढू नका, त्यात गवत लावा. त्या गाळासाठीच तर दगड वाहिले.

सांडवा: जो नव्हता म्हणून माझा बांध गेला

मातीचा बांध किंवा तळं करणार असाल तर आधी सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर पडायची वाट, आखा, मग बांध. वरून येणाऱ्या पाण्याचा अंदाज असा काढतात: वाहून येणारा अंश गुणिले तासाला पडणारा पाऊस मिलिमीटरमध्ये, गुणिले क्षेत्र हेक्टरमध्ये, भागिले ३६०. उत्तर घनमीटर प्रति सेकंद.

समजा वर दोन हेक्टर जमीन आहे, पाऊस तासाला ६० मि.मी. दरानं कोसळतोय आणि निम्मं पाणी वाहून येतंय. ०.५ × ६० × २ ÷ ३६० म्हणजे ०.१६७ घनमीटर. सेकंदाला १६७ लिटर! सपाट तळाच्या सांडव्यावरून ३० सें.मी. खोलीनं पाणी वाहिलं तर प्रत्येक मीटर रुंदीतून सेकंदाला साधारण २८० लिटर जातं. तेव्हा हिशेबानं ६० सें.मी. रुंदी पुरते. मी दुप्पट धरतो. पुरात फांद्या आणि गवत येऊन अडकतं, आणि कागदावरचा पाऊस खऱ्या पावसापेक्षा नेहमी सभ्य असतो.

सांडवा भरावावर कधीच नको. बांधाच्या टोकाला, मूळच्या घट्ट जमिनीत खणा. सांडव्यातून वाहणाऱ्या पाण्याच्या वर बांधाचा माथा निदान ३० सें.मी. उंच राहू द्या. नवा भराव बसतो, तेवढी उंची जास्त धरा. सांडव्याचं पाणी शेजाऱ्याच्या बांधावर न सोडता जुन्या नैसर्गिक वाटेलाच न्या. वाहता ओढा अडवायचा असेल तर आधी तुमच्याकडचे नियम विचारा आणि खालच्या अंगाच्या लोकांशी बोला.

तळं आणि त्यात बुडणारे जीव

तळ्याची एक बाजू तरी सौम्य ठेवा, एक मीटर खोलीला तीन मीटर किंवा जास्त पसरट. पक्षी उथळ पाण्यात उतरतात, बेडूक तिथं अंडी घालतात. मासे सोडायची घाई नको. ते बेडकांची पिल्लं फस्त करतात. हंगामात भरून आटणारं छोटं डबकं बेडकांसाठी मोठ्या तळ्यापेक्षा बरेचदा चांगलं.

प्लॅस्टिक अंथरलेली तळी हा सापळा असतो. पाणी प्यायला उतरलेला ससा, साप, मुंगूस, कधी हरीण गुळगुळीत कागदावरून वर येऊ शकत नाही. चारही बाजूंना काठापासून तळापर्यंत जाड दोरांची जाळी किंवा खडबडीत पट्टी टाका. चढण ३० अंशांच्या आसपास असेल तर छोटी जनावरंही बाहेर निघतात. कठडा नसलेली विहीर आणि जनावरांच्या पाण्याची हौदं यांचंही तेच. हौदात एक तिरकी फळी पुरते.

मजूर म्हणून रानजीव

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत याकुबा सावादोगो या शेतकऱ्यानं दगडासारखी झालेली जमीन कोरड्या हंगामात छोटे खड्डे खणून पिकाखाली आणली. वीत-दीड वीत रुंद खड्डा, त्यात मूठभर शेणखत. पद्धत जुनीच होती, त्यानं खड्डे मोठे केले आणि खत घातलं. त्या खतावर वाळवी आली आणि तिनं जमिनीत बोगदे केले. पावसाचं पाणी त्या बोगद्यांतून खाली गेलं. जे काम कुदळीनं झालं नसतं ते वाळवीनं केलं. २०१८ साली त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तो ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनाउडो यांनाही मिळाला. नायजरमध्ये नवी झाडं लावण्यापेक्षा जिवंत बुंध्यांतून फुटणारे धुमारे राखा, हे त्यांनी शेतकऱ्यांसोबत करून दाखवलं. तुमच्या पडिकातही असे बुंधे असतील. प्रत्येकावर जोमदार दोन-तीन फुटवे ठेवा, बाकी छाटा, चराईपासून राखा. रोपवाटिकेतल्या रोपापेक्षा ते लवकर वाढतात, कारण मुळं आधीच खाली आहेत.

बांधाची ‘साफसफाई’ थांबवा. मधमाश्यांच्या सुमारे ७० टक्के जाती जमिनीत बिळं करून राहतात. न नांगरलेली, उन्हाची उघडी पट्टी हे त्यांचं घर. वठलेलं झाड अंगावर पडायचा धोका नसेल तर उभं राहू द्या, त्याच्या ढोलीत घुबड आणि पिंगळा राहतो. ढोली नसेल तर गव्हाणी घुबडासाठी पेटी करा: तळ ४० बाय ६० सें.मी., तोंड १३ सें.मी., आणि तोंडापासून तळापर्यंत ४५ सें.मी. खोली, म्हणजे पिल्लं बाहेर पडत नाहीत. जमिनीपासून तीन मीटरच्या वर, उंदरांच्या शेताकडं तोंड करून लावा.

आणि मग उंदरांना विष घालू नका. ब्रोडिफॅकूमसारखी रक्त पातळ करणारी विषं उंदराच्या अंगात राहतात आणि त्याला खाणारं घुबडही मरतं. गुरांच्या औषधांबाबतही हेच: दक्षिण आशियातली गिधाडं कशानं संपली याचं उत्तर २००४ साली मेलेल्या गुरांच्या अंगात उरणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकात सापडलं. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, पशुवैद्याला तेच मागा.

तारेचं कुंपण लागतंच असेल तर सर्वांत खालची तार काट्यांशिवाय, जमिनीपासून ४० ते ४५ सें.मी. वर. वरची तार मीटरच्या आसपास आणि तिच्या खालच्या तारेत ३० सें.मी. अंतर, म्हणजे उडी मारणाऱ्याचा पाय अडकत नाही. वाऱ्यासाठी झाडांची रांग भिंतीपेक्षा चांगली. निम्मा वारा गाळून जाऊ देणारी रांग तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत आडोसा देते, सलग भिंतीमागं मात्र वारा घुमतो.

सगळं गोड नसतं. झाडोरा वाढला की रानडुक्कर आणि हरणंही वाढतात. दाट झाडोरा आणि पीक यांच्यामध्ये चार-पाच मीटरची कापलेली गवताची पट्टी ठेवा. जनावराला उघड्यावर यावं लागलं की ते बिचकतं. पूर्ण थांबत नाही. काही ओळी त्यांच्या समजून पेरायच्या, असं मी आता धरून चालतो.

पहिल्या पावसानंतर

हंगामातला पहिला मोठा पाऊस थांबला की त्याच दिवशी फेरी मारा, दुसऱ्या दिवशी नाही. सांडव्यातला कचरा काढा. दगडी बांधाच्या बगलेला पाणी फिरलंय का ते बघा, फिरलं असेल तर लगेच दगड भरा. मातीच्या बांधावर उंदरांची आणि खेकड्यांची बिळं शोधा, भरावातलं एक बीळ पुरतं. गवताच्या पट्टीत फट पडली असेल तर ओल आहे तोवर तिथं कोंब लावा. पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर झाडं लावू नका. मेलेल्या झाडाचं कुजलेलं मूळ म्हणजे बांधातला पाइप.

चार ठरलेल्या जागांवरून दरवर्षी त्याच आठवड्यात फोटो घ्या. डब्याची चाचणी त्याच खुंट्यांशी पुन्हा करा आणि मिनिटं वहीत मांडा. माझ्या फुटलेल्या बांधाच्या जागी आता सात दगडी बांध आहेत, गुडघ्याएवढेसुद्धा नसलेले. त्यातले वरचे दोन गाळाखाली गेलेत, आणि नेमके कुठं होते हे गवत बाजूला सारल्याशिवाय सापडत नाही.